मंजुळाबाईची पायपरीक्षा

कुरुंद्याच्या मंजुळाबाईला सून पाहायची म्हणजे पाय पाहायचे. नाक नकटं चालेल, रंग सावळा चालेल, पण पाऊल फताडं नको. फताड्या पायाची सून आली की लक्ष्मी घरात ठरत नाही, असं तिची सासू सांगून गेली होती. त्यापायी देविदासाचे केस कपाळावरून मागं सरकत चालले, तरी आईला पाऊल काही पसंत पडेना.

हळद शिजवून झाली तसे मायलेक एस.टी.नं पुसेगावला निघाले. देविदास म्हणाला, "आई, ही शेवटची. लोक म्हणून राहिले, देविदास पोरगी न्हाई, फरशी पाहत फिरतो."

दारात पाय धुवायला पाणी मिळालं. देविदासानं टॉवेलानं पाय पुसले. मंजुळाबाईला कुठला दम! ओल्या पायानं शहाबादी फरशीवरून जाऊन ती सतरंजीवर बसली.

"पोरीला म्हणावं, पाय धुऊन ये."

आत बांगड्या वाजल्या. मंजुळाबाईनं मान लांबवून फरशी पाहिली. ओली पावलं उमटलेली, अख्खीच्या अख्खी. मधी खोलगट जागा नावाला नाही!

"ऊठ रे देविदास. भाकरीवानी पाय हायत पोरीचे."

तेवढ्यात आतल्या दारातून पोह्यांची ताटली घेऊन नीता आली. म्हणाली, "मावशी, मी तर आत्ता येऊन राहिले. ते पाय रस्त्याकडून सतरंजीकडं आलेत."

देविदासाला ठसका लागला.

नीताचे मामा, रामजी, दवाखान्यात कंपाउंडर. ते हसू दाबत म्हणाले, "ताई, तळपायाची कमान बाजेच्या सुतळीवानी असती. वर्षानुवर्षं भार पडला की झोळ पडतो. टाचा उचला बरं."

मंजुळाबाई खांब धरून चवड्यांवर उभी राहिली. वाकून पाहते तर कमान हजर!

"हाय की!"

"हायच. थकून बसली होती."

"आई," देविदास म्हणाला, "म्हंजे आपल्या घरात लक्ष्मी इतके दिवस...?"

"गप. फरशी खोटी हाय," मंजुळाबाई म्हणाली आणि पोह्यांची ताटली ओढून घेतली. "माणसं बरी हायत. तारीख काढा."

वैशाखात नवी सून माप ओलांडून कुंकवाच्या पावलांनी घरात आली. जावा-नणंदा वाकून पाहू लागल्या, तशी मंजुळाबाई आडवी आली.

"खाली काय पाहून राहिल्या गं? तोंड वर हाय लेकराचं."

तिनं स्वतःही खाली पाहिलं नाही. देवघराकडं पाहून तेवढे हात जोडले.