माशांच्या शेवेला एरंडेल

दुकानातलं माशांचं खाणं आमच्या घोडेगावात पावसाळ्यात टिकतच नाय. पुडी फोडली की आठवड्यात तिचा लाडू व्हतो. म्हणून गेल्या उन्हाळ्यात ठरवलं, माझ्या गोल्डफिशचं वर्षाचं खाणं मीच करून ठेवणार. आई गच्चीवर कुरडया घालत व्हती, तिच्या शेजारीच मी माझं दुकान मांडलं. भिजवलेले वाटाणे, पालक, थोडं गव्हाचं पीठ आणि जवळ्याची पूड. वास असा, की गल्लीतली समदी मांजरं पावणी म्हणून हजर.

सोऱ्या मागितला तर आई म्हणाली, माझ्या सोऱ्यात वशाट घालशील तर तुलाच त्यातनं काढीन. शेवटी दांडा ढिला झालेला जुना सोऱ्या मिळाला. पण हिरवी शेव काय पडत व्हती राव! कडक उन्हात अशी वाळली की मोडताना टक् वाजायची. आईनं एक मोडून बघितली, आतनं ओली हाय म्हणाली, अजून एक ऊन दे. मग मांजरं हाकलायला तीच काठी घेऊन बसली, आन डब्यात भरायचं कामही तिनंच घेतलं.

डबा हातात आला तसा मी लई खुशीत. चिमटीच्या जागी मूठ टाकली. मासे तुटून पडले. थोड्या वेळानं बघतो तर समदे वर येऊन तोंडं वासतायत. मी टाकीच्या काचेला नाक लावून त्यांची नक्कल केली. तेवढ्यात दिसलं, पाण्यावर तेलाचा रंगीबेरंगी तवंग. त्यात लाईट गेलेली, हवेचा पंप बंद; तेलाखाली माशांना हवा मिळायची कुठनं? माझं हसू तिथंच विझलं.

"आये, ह्याला काय लावलंस?"

"एरंडेल. तुरीला नाय का लावत? कीड व्हत नाय."

बाबा पेपरातनं डोकं न काढता म्हणाले, "बरं झालं. पोटं साफ व्हतील त्यांची."

कुणी हसलं नाय. सगळ्यात मोठा मासा एका कुशीवर कलला व्हता. आई टाकीपाशी आली, बघितलं, आन बाबांच्या हातातला पेपर ओढून पाण्यावर अलगद पसरला. भजी काढल्यावर पसरती तसाच. उचलला तर तेल पेपरावर. मग दुसरं पान, तिसरं पान. बाबा म्हणत व्हते, त्यात माझं राशिभविष्य हाय. मी तांब्यानं वरनं पाणी ओतून बुडबुडे काढत व्हतो, हात भरून आले तरी थांबलो नाय.

मोठा सरळ झाला. शेपूट हलवत तळाला गेला, तसे बाकीचेही एकेक करून खाली. मी गच्चीवर पळत जाऊन बोंबललो, कशासाठी ते माझं मलाच कळलं नाय.

आई मात्र टाकीसमोरनं हलली नाय. काचेवर बोट ठेवून मोठ्याच्या मागं मागं बोट फिरवत राहिली. सकाळी उठलो तर चहाच्या आधी ती पालक निवडत बसली व्हती.

"ह्यावेळी कोरडंच भरायचं," म्हणाली. "फ्रीजरला जागा केलीय."