मॅचसाठी आलेले आजोबा

मला सल्ले द्यायला फार आवडतं. चंदीगडच्या आयटी पार्कमधल्या आमच्या कंपनीची इंग्लंडमध्येही एक शाखा आहे. तिथल्या सहकारिणीने विचारलं, की माझे वडील टेस्ट मॅच बघायला एकटेच चंदीगडला येताहेत, त्यांनी कुठे राहावं, काय काळजी घ्यावी? मी लगेच दोन पानी मेल लिहिली. पाणी बाटलीबंदच प्या. टॅक्सी ॲपवरूनच मागवा. स्टेडियममध्ये बॅग किंवा पॉवर बँक आत सोडत नाहीत, टोपी मात्र विसरू नका. सेक्टर ४३च्या बस स्टँडजवळचं एक साधं, स्वच्छ गेस्ट हाऊसही मीच बुक करून टाकलं. तिने उत्तरात एवढंच लिहिलं, की बाबा पंच्याहत्तरचे आहेत, पण तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे.

मॅचच्या आदल्या दुपारी मी तिच्या वडिलांना, म्हणजे आजोबांना, विमानतळावरून घेऊन त्या गेस्ट हाऊसवर गेले. काउंटरवरच्या माणसाने पासपोर्ट पाहिला आणि परत सरकवला. "मॅडम जी, फॉरेनर नहीं रखते हम. पुलिस का ऑनलाइन फॉर्म भरना पड़ता है, वो झंझट हम नहीं करते."

माझ्या दोन पानांत नेमकं एवढंच नव्हतं. शेजारच्या दोन ठिकाणीही तेच उत्तर. मोठी हॉटेलं मॅचमुळे भरलेली. आजोबा बॅगेवर बसून शांतपणे टोपीने वारा घेत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या कुणाच्या वडिलांची जबाबदारी मी फुशारकीने अंगावर घेतली होती.

शेवटी त्यांना सरळ चंदीगडजवळच्या खरड गावी, आमच्या भाड्याच्या फ्लॅटवर आणलं. नवऱ्याने बेडरूम त्यांना दिली आणि आमच्या गाद्या हॉलमध्ये टाकल्या. परदेशी पाहुणा घरी उतरला तरी तो फॉर्म भरावाच लागतो, हे एव्हाना कळलं होतं. खालच्या घरमालकीण आंटींनी चष्मा लावून तो माझ्याबरोबर भरला. "एह ते साडे वी मेहमान ने," हे तर आमचेही पाहुणे, असं पंजाबीत म्हणत वर पराठेही पाठवले. आजोबा पोटभर जेवून झोपले. मी सहकारिणीला घडलं ते सगळं कळवलं आणि सुटले.

मग कोल्हापूरला माझ्या बाबांना फोन लावून गेस्ट हाऊसपासून सगळं सांगितलं. आमच्या पाहुणचाराचं जरा कौतुक व्हावं, असं मनात होतंच.

"लई चांगलं केलंस," बाबा म्हणाले. "आम्ही तुमच्याकडं आलो त्या दोन्ही खेपेला त्या गेस्ट हाऊसातच राहिलो न्हवं. आम्हाला वाटायचं, तुमच्या घरात जागाच न्हाई."

त्यात टोमणा नव्हता. मागून आई सांगत होती, पाहुण्यांना तिखट कमी घाल. मी हो म्हणाले. आमच्या घरी राहायला या, तुमची तिकिटं काढू का, असं दोघांना विचारायचं होतं, पण लाज वाटली आणि ते राहूनच गेलं.