आर्डिथची साखळी

आमच्या गावात कुणी "तुमच्यासाठी प्रार्थना करतोय" म्हणालं की आधी मागच्या दाराला कडी घालावी. ओक्लाहोमात उभा जन्म संसार करून मी एवढंच शिकले. मी कॅथलिक, म्हणजे इथल्या प्रॉटेस्टंट बायकांच्या लेखी अर्धी वाया गेलेली. माझी जाऊ आर्डिथ मात्र त्यांच्या चर्चचा खांब.

प्रार्थनेची साखळी तिनंच बांधली. कुणाचं दुखणंखुपणं कळलं की ती एकीला फोन करी, ती दुसरीला, दुसरी तिसरीला. एकदा एकीच्या पित्ताशयातल्या खड्याचा साखळीच्या टोकाला पोचेपर्यंत कॅन्सर झाला. तेव्हापासून नियमच झाला: शेवटचीनं उलट आर्डिथला फोन लावून निरोप जसाच्या तसा म्हणून दाखवायचा. शेवटची म्हणजे म्हातारी, कानानं अधू ओपल.

पुढे साखळी राजकारणात उतरली. दारूचा कायदा असो की जुगाराचा, सकाळी आर्डिथनं फोन उचलला की दुपारपर्यंत आमदार घायकुतीला यायचे. विधानभवनात समितीच्या सुनावणीला नेऊन ती बायकांना शिकवी, "वाद घालायचा नाही. समोरचा बोलायला लागला की उभं राहून प्रार्थना सुरू करायची. पुन्हा निवडून यायचंय असा कुठलाही अध्यक्ष प्रार्थना थांबवत नाही." मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. बोलले तर म्हणाली, "तू आपली जपमाळ ओढ."

यंदा आमदार लिंडेल फ्रेक्सनं विधेयक आणलं: गर्भपात करून घेणाऱ्या बाईवर खुनाचा खटला. गर्भपाताविरुद्ध आर्डिथनं जन्म घालवलाय. दवाखान्याबाहेर उन्हात उभी राहून ती पोरींना घरी आणायची, जेवू घालायची. काही तिचं ऐकायच्या, काही परत जायच्या. परत गेलेल्यांनाही ती नाताळाला कार्ड पाठवायची. त्या पोरी तुरुंगात गेलेल्या तिला बघवणार नव्हत्या. समितीपुढे विरोधात बोलायचं तिनं ठरवलं.

लिंडेल तिच्या ओसरीवर येऊन बसला. लहानपणी तिच्याच रविवारच्या वर्गात बायबल शिकलेला. तिनं पिकन पाय, घरचा गोड पदार्थ, बशीत वाढून पुढ्यात ठेवला.

"आर्डिथबाई, अख्खं चर्च माझ्यामागं आहे. तुम्हीच फितूर झालात?"

"मी कुठं फितूर झाले रे? बाळ वाचवायला उन्हात उभी राहिले. आईला तुरुंगात घालायला नव्हे."

"खून तो खूनच ना, बाई? तुम्हीच शिकवलंत."

"पापी बाईला पहिला दगड कुणी मारायचा, तेही शिकवलं होतं. तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास."

तो हसला. बशी अर्धी टाकून उठला. "बायका तुमच्यासाठी प्रार्थना करतील," म्हणाला. मी आत जाऊन मागच्या दाराला कडी घातली.

सुनावणीच्या आदल्या दिवशी तिच्या दारात जेवणाचं झाकलेलं कॅसरोल कुणीतरी ठेवून गेलं. इथं मयताच्या घरी ठेवतात तसं. "घर चुकलं असेल कुणाचं तरी," आर्डिथ म्हणाली. पण त्याला हात लावला नाही.

संध्याकाळी फोन वाजला. ओपल इतक्या मोठ्यानं बोलते की मला पलीकडं बसून ऐकू आलं.

"निरोप असा. बहीण आर्डिथ सैतानाच्या नादी लागलीय, तिच्यासाठी प्रार्थना करा. उद्या सकाळी सगळ्यांनी विधानभवनात. खुर्च्या आधी धरायच्या. ती आपल्या वतीनं बोलत नाही. बरोबर सांगितलं ना गं?"

आर्डिथचा चेहरा राखेसारखा झाला होता. "कुणाबद्दल आहे ते कळलं का तुला, ओपल?"

"कळलं की. नियम तूच केलास ना, शेवटचीनं पहिलीला सांगायचं. उद्या येऊ नकोस, आर्डिथ."

ती गेलीच. गाडी मी चालवली. समितीच्या दालनात एकही खुर्ची रिकामी नव्हती. सगळ्या आमच्याच गावच्या बायका, रविवारच्या कपड्यांत. एकीनंही मान वर केली नाही. नाव पुकारल्यावर आर्डिथ माइकपाशी गेली. "मी आर्डिथ..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

मागे खुर्च्या सरकल्या. बायका उभ्या राहिल्या. "हे प्रभो, आमच्या या बहिणीला..." एका सुरात, मायेनं, न थांबता. ओपल तेवढी बसून होती, गुडघ्यांमुळे की कशामुळे, देव जाणे. अध्यक्ष घड्याळाकडं बघत राहिले. बोलायला तीन मिनिटं मिळतात, ती सरली.

"आमेन," म्हणून बायका खाली बसल्या. माइक चालूच होता. त्यातून आणखी एक आमेन ऐकू आला. जन्माची सवय, आर्डिथनंही मान खाली घातली होती.

अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं.