लाल दोऱ्याचे पाच वेल

आमचा पानमळा आहे. पाळीतली बाई आत शिरली की वेल जळतात, हे मला सासूने शिकवलं, मी सुनांना शिकवलं. मी चौथीपर्यंत शिकले. शाळेत असलं काही सांगत नव्हते.

गावातून शाळेची वाट मळ्यातूनच जाते. म्हणून नात दर महिन्याला चार दिवस घरी बसायची. आठवीत असताना तिच्या शाळेत एक नर्सबाई आली. फळ्यावर चित्र काढून तिने पाळीचं सगळं सांगितलं. नात घरी येऊन म्हणाली, "आजी, वेल-बिल काही जयत नाही."

"मंग तुह्या नर्सबाईले सांग मळा सांभाळाले," मी म्हणाले.

पुढे तीन महिने तिची शाळेला एकही दांडी पडली नाही. मग तिनेच सांगितलं. पाळीत ती मळ्यातूनच शाळेत गेली होती. जाता-येता पाच वेलांना मुद्दाम हात लावला होता, आणि खूण म्हणून त्यांना लाल दोरे बांधले होते. "पाहून घे, कसे हिरवे हायेत."

मी पाहायला गेले नाही.

पावसाळ्यात वेलांना मर रोग लागला. निम्मा मळा पिवळा पडला. मी पाहायला गेले. दोऱ्याचे पाचही वेल उभे होते, पानं तजेलदार. मी पाचही दोरे सोडले आणि घरी येऊन चुलीत घातले.

संध्याकाळी मुलाने विचारलं, "मळ्यात कोणी शिरलं होतं काय?"

"तुही पोरगी," मी म्हणाले.

त्याने तिला मारलं. ती म्हणत होती, "बाबा, माह्या दोऱ्याचे वेल पाहा ना, चाला." तो गेला, पाहून आला. दोरे कुठेच नव्हते. खोटं बोलली म्हणून आणखी मारलं. ती माझ्याकडे पाहत होती. मी मेथी निवडत होते.

ती खरी ठरली असती तर मी चाळीस वर्षं पाळीचे चार-चार दिवस गोठ्यात कशाला बसले होते?

तिची शाळा कायमची सुटली. मास्तरीण समजवायला आली, तिला चहा पाजून परत पाठवलं.

आता ते चार दिवस नात गोठ्यात बसते. ताट मीच नेते. परवा मी तांब्या तिच्यापुढे धरला, तर तिने हात मागे घेतला.

"वरून टाक पाणी, आजी," ती म्हणाली. "माहा हात तुह्या हाताले लागला तं जयून जाशीन."

मी वरूनच टाकलं.