मेपलचा पंचनामा

माझ्या गच्चीवरचं झाड गांजाचं आहे, असं लिहिलेल्या कागदावर पंच म्हणून ज्यानं सही केली, तो आमचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी आहे, आणि त्याचं दुकान बी-बियाणं अन् खताचं आहे. हे आधीच सांगून टाकते. पुढचं सांगताना माझा आवाज चढला, तर काऊन चढला म्हणून कोणी विचारू नये.

झाड होतं जपानी मेपल. शोभेचं. आमच्या तेलंगणातल्या आदिलाबादला मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात लावू देत नाही. अशा गावात थंड मुलखातलं झाड वाढवायला निघालेली बाई डोक्यानं थोडी कमीच असणार, असं माझ्या आईचं मत. मी सरकारी शाळेत विज्ञान शिकवते. मोबाइलवर त्या झाडाचा लालभडक फोटो पाहिला आणि बिया मागवल्या. या बियांना उगवण्याआधी एक लांब हिवाळा लागतो. आपला हिवाळा त्यांना पुरत नाही, म्हणून ओल्या वाळूत घालून त्यांचा डबा तीन महिने फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात ठेवला. आईनं तो दोनदा फेकायला काढला होता. वीस बियांतून तीन उगवल्या. त्यातली दोन रोपं मी माझ्या हातानं मारली, आपली काळी माती घालून. काळी माती पाणी धरून बसते आणि यांची मुळं सडतात. शिकवते विज्ञान, अन् हे कळलं दोन रोपं गेल्यावर. तिसऱ्याला मुरूम, वाळू आणि शाळेच्या आवारात पडणारा सागाचा कुजलेला पाला दिला. ते जगलं.

जगलं म्हणजे मी जगवलं. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं, त्यानं पानांच्या कडा जळायच्या. मग पावसाचं पाणी ड्रममध्ये धरून ठेवायला लागले. ते मार्चमध्ये संपलं की प्यायच्या पाण्याच्या कॅनमधून आईला एक तांब्या, झाडाला एक तांब्या. सकाळचं कोवळं ऊन द्यायचं आणि नऊ वाजले की कुंडी जिन्याच्या सावलीत ओढायची. उन्हाळ्यात तर मी ती खाली कूलरच्या खोलीत आणायची, झोत सरळ अंगावर येणार नाही अशी कोपऱ्यात. कॉलनीत त्यावरून हसाहशी झाली. माणसाले कूलर भेटत नाही अन् मॅडमनं झाडाले लावून देल्ला, असं चाललेलं असायचं. हसा म्हटलं, तुमचं काय जाते.

तिसऱ्या हिवाळ्यात झाड गुडघ्याएवढं झालं. आमच्याकडे डिसेंबरात पहाटे दात वाजतात. तेवढ्या थंडीत ते पठ्ठं लाल झालं, अगदी फोटोतल्यासारखं. आठ-दहा दिवस टिकला तो रंग. कॉलनीतल्या बाया फोटो काढायला गच्चीवर आल्या. शेजारीही मुलीला घेऊन आला. कुंडीजवळ बसून बापलेकीनं फोटो काढला, चहा घेतला, झाडाचं नाव विचारलं. मी सांगितलं, त्यानं दोनदा म्हणून पाहिलं. त्या मुलीचं नववी-दहावीचं विज्ञान माझ्या स्वयंपाकघरात झालं होतं, मी भाकरी टाकत टाकत शिकवायची. तिला चांगले मार्क पडले तेव्हा तो पेढे घेऊन येऊन माझ्या आईच्या पाया पडला होता. हे लक्षात ठेवा.

मग पानं गळली आणि नवी आली ती हिरवी. ऑगस्टमध्ये झाड हिरवंगार होतं. मेपलचं पान म्हणजे बोटं पसरलेला हात. गांजाच्या पानालाही बोटं असतात, आणि आमच्या भागात तुरीच्या, कपाशीच्या ओळींत कोणी कोणी गांजा लावतात, धाडी पडतात, हे शेंबड्या पोराला माहीत आहे. पण गांजाची बोटं सुटी सुटी असतात, देठापासून वेगळी. मेपलच्या पानाला तळहात असतो. एवढा फरक माझी सातवीतली पोरं सांगतील. खताच्या दुकानदारानं सांगायला काय हरकत होती?

कोणीतरी त्या पानांचा फोटो काढून वर पाठवला. कोणी, ते आजवर कळलं नाही. एका रविवारी सकाळी पोलिसांची जीप दाराशी आली. एक साहेब, दोन शिपाई. सरळ गच्चीवर. साहेबांनी तेलुगूत विचारलं, हे काय आहे. मी तेलुगूतच सांगितलं, कुठून बिया आणल्या, काय नाव, पान कसं ओळखायचं, सगळं. मोबाइल काढून डिसेंबरचे लाल फोटो दाखवले. त्यांनी पाहिलेच नाहीत. गांजाला बाहेर सगळे काही ना काही दुसरं नाव देतात म्हणाले.

माझी आई तोवर जिना चढून वर आली. तिचं सारं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात निंदणात गेलं आहे. तिनं एक पान तोडलं, हातावर चोळलं आणि तो हात साहेबांच्या नाकापुढे धरला.

"हुंगून पाहा, साहेब. मी उभी जिंदगी निंदण केलं. मले गांजा वळखू येत नाही का?"

मी त्याचं तेलुगू करून सांगितलं. साहेब मागे सरकले. हुंगणं हे काही प्रमाण नाही, प्रयोगशाळा काय ते सांगेल, म्हणाले. आणि शिपायाला म्हणाले, मुळासकट काढ.

शिपायानं कुंडी आडवी केली, एक पाय तिच्यावर दिला आणि झाड ओढलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन वर्षं ज्याच्या मुळाला मी बोट लागू दिलं नव्हतं, ते त्यानं दोन झटक्यांत उपटून माती झटकली. मुळाचे तंतू तुटत होते ते मला दिसत होते. मी ओरडले असेन, मला आठवत नाही. आईनं माझा दंड धरून ठेवला होता, एवढं आठवतं.

मग पंचनामा. दोन पंच लागतात. एक त्यांनी रस्त्यावरून आणला, दुसरा शेजारी. मला खरंच बरं वाटलं होतं त्याला पाहून. वाटलं, हा सांगेल. याला नाव माहीत आहे, यानं झाड लाल पाहिलं आहे. कागद तेलुगूत होता आणि त्याला तेलुगू माझ्यापेक्षा चांगलं येतं, धंदाच त्यात. मी म्हटलं, भाऊ, वाचून सही करा. त्यानं वाचलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. सही केली, पेन परत दिला आणि जिना उतरून गेला. शिपायांनी झाड पिशवीत कोंबून तिच्या तोंडावर लाखेचं सील लावलं. माझ्याकडून मुचलका घेतला, बोलावलं की हजर होईन असा.

आमच्या घरात महिन्याचा पगार घेणारी मी पहिली. आई उन्हात वाकत होती म्हणून मी सावलीत शिकले. रिपोर्ट उलटा आला असता तर नोकरी गेली असती, आणि नोकरीपेक्षा वाईट म्हणजे ती गांजावाली मॅडम म्हणून माझं नाव राहिलं असतं. मुख्याध्यापकांनी रिपोर्ट येईपर्यंत रजा घ्या असं गोडीनं सुचवलं. मी घेतली नाही. रजा घेतली म्हणजे कबूल केलं. रोज गेले, रोज शिकवलं. स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणं थांबायचं, आणि सातवीच्या वर्गात पानांचे प्रकार हा धडा आला तेव्हा तो मी फळ्याकडे तोंड करूनच शिकवला. पोरांना सगळं माहीत होतं.

दीड महिन्यानं रिपोर्ट आला. गांजा नाही. एवढंच. माफी नाही, चूक झाली असं म्हणणं नाही, काही नाही. तुमची वस्तू घेऊन जा, असा फोन आला. मी गेले. पिशवीत वाळलेल्या काड्या होत्या आणि तळाला पानांचा काळा चुरा. मिळाली म्हणून सही करा म्हणाले. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून, मग केली.

तिथून घरी न जाता मी शेजाऱ्याच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. पिशवी त्याच्या काउंटरवर ठेवली आणि रिपोर्ट उघडून पुढे केला. या वेळी त्यानं वाचला. बरं झालं मॅडम, सुटल्या, म्हणाला, आणि मला स्टूल दिलं. मी बसले नाही. दीड महिना जी गोष्ट विचारायची राहिली होती ती विचारली.

"भाऊ, तुमाले शंका आली तर मले विचारलं काऊन नाही? सही कराच्या आंदी एकदा तरी?"

तो रागावला नाही की ओशाळला नाही. हिशोबाचं काही समजावून सांगावं तसं शांतपणे बोलला.

"विचारून काय उपयोग होता मॅडम? तुमी नाहीच म्हटलं असतं ना. कोन कबूल करते?"

मी पिशवी उचलली आणि घरी आले. आई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. काय म्हणे, तिनं विचारलं. मी सांगितलं. म्हटलं, आई, ज्याच्या पोरीला मी घरात बसवून शिकवलं, तो माणूस मला पहिल्यापासून खोटारडी धरून होता.

आईनं हातातली काडी बाजूला टाकली.

"तुले आज समजलं का?" ती म्हणाली.