कंबर ताणून घेण्याचे दिवस

मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. यात माझे कर्तृत्व काही नाही. पण पायाळू माणसाने डाव्या पायाने तीन लाथा मारल्या की कमरेत भरलेली उसण निघते, असे आमच्याकडे सगळे मानतात. म्हणून कळायला लागल्यापासून मी लोकांच्या कमरेला पाय लावत आले. ते उंबऱ्यापाशी ओणवे होतात, मी पाय लावते, ते "सुटली, सुटली" म्हणत जातात. खरे तर ती दोन-चार दिवसांनी सुटते. जे माझ्याकडे येत नाहीत त्यांचीही तेवढ्याच दिवसांत सुटते, पण हे ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही.

विलायतेत कापूस मिळेनासा झाला आणि आमच्या कापसाचा भाव चढत गेला, त्या वर्षांत अख्ख्या अमरावतीची कंबर धरली. बायका दिवसभर वाकून वेचायच्या, म्हाताऱ्या सरकी काढायला बसायच्या त्या अंधार पडेपर्यंत उठायच्या नाहीत. आधी आठवड्याला एखादी कंबर माझ्या दारात यायची; आता भाकरी थापायला बसण्याआधी दोन-तीन ओणवी असत.

एवढ्या कमरा एका गावात दुखतात म्हटल्यावर अकोल्याहून एक पहिलवान येऊन बसला. आखडलेले अंग म्हणजे आखडलेली दोरी, ताणली की सरळ होते, एवढेच त्याचे शास्त्र. गावाच्या परकोटाच्या भिंतीबाहेर कडुनिंबाच्या फांदीला माणसाने हातांनी लटकायचे, त्याच्या दोन्ही पायांना मिळून वाटणाचा दगडी पाटा बांधायचा, आणि शिवाय पहिलवानाने कमरेला मिठी मारून खाली ओढायचे. जो जास्त ओरडे त्याला जास्त गुण आला असे बघे ठरवत. चामड्याची ओली वादी ताणली तर लांबते आणि वाळलेली तुटते, हे मोट हाकणाऱ्या माणसांना कोणी सांगायला नको. पण स्वतःचे अंग आले की त्यांची अक्कल विहिरीवर राहते.

माझे घरधनी कापूस तुडवायचे. टांगलेल्या गोणपाटाच्या मोठ्या थैलीत उभे राहायचे, वरून कापूस पडत राहायचा आणि ते पायांनी दाबत दाबत वर यायचे. एके दिवशी थैलीतून बाहेर पडताना त्यांच्या कमरेत उसण भरली. वाकलेले होते तसेच दिराच्या खांद्यावर हात टाकून घरी आले.

सासूने आधी माझ्या पायांकडे पाहिले, मग कपाळाला हात लावला. बायकोचा पाय नवऱ्याच्या अंगाला लागणे म्हणजे पाप.

"साऱ्या गावाच्या कमरा सोडल्या वो तुह्या पायानं," ती म्हणाली, "अन् माह्याच पोराच्या कामी नाई आला."

"दोन-चार दिवस पडू द्या त्याइले," मी म्हटले. "शेकाले वाळू गरम करतो."

"हंगामात कोण पडून राह्यते? वाळूनं का भट्टी लावायची हाये?"

दीर म्हणाला, "वैनी, पहिलवान एका ताणात सरळ करते. काल एक मानूस वाकडा आला अन् नाचत गेला."

"कुठं गेला नाचत? आज पाह्यला का त्याले?"

त्याने पाहिला नव्हता. तरीही ते गेले, आणि घरधन्यांना तर सगळ्यांत जास्त घाई. माझी भाकरी तव्यावर होती, मी उठून आडवी आले नाही. ती भाकरी जळाली असती तर काय बिघडले असते, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आहे.

परत आणले ते बाजेवर. कंबर राहिली बाजूला, उजव्या पायात मांडीपासून खाली जीवच नव्हता. मी सुई घेतली आणि त्या पायाच्या अंगठ्याला टोचली.

"टोच ना," ते म्हणाले.

"टोचली."

एका पायाने थैली तुडवता येत नाही, नांगरही धरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिलवानाचा निरोप आला की ताण अर्धा राहिला आहे, पुन्हा आणा. दीर बाज उचलायला आला. मी दारात बसले आणि म्हटले, न्यायचे तर मला ओलांडून न्या. भावजयीला ओलांडायची त्याची हिंमत नव्हती.

त्या दुपारी सासू शेतात गेल्यावर घरधनी हळूच म्हणाले, "दार लोट. मार लाथ. पाप लागलं तं माह्या माथी."

"माह्या लाथेत काही नाई."

"मंग लोक काहून येतात?"

"घरी कोणी त्याइले पडू देत नाई म्हणून."

यावर ते हसले, आणि हसताना कमरेत चमक आली म्हणून मलाच शिव्या दिल्या.

मी त्यांना जमिनीवर घोंगडीवर निजवले. वाळूच्या पुरचुंडीने कंबर शेकायची आणि रोज सकाळी अंगठ्याला सुई टोचायची, एवढेच केले. सासू येता-जाता मला ऐकवत होती. कितव्या दिवशी ते आठवत नाही, पण सुई लागताच त्यांनी माझ्या बापाचा असा उद्धार केला की मी सुई चोळीत खोचली आणि चुलीपाशी जाऊन जरा वेळ पाठमोरी बसले.

त्यानंतर त्यांनी आपणच पाय दुमडायचा आणि आपणच लांब करायचा. दुखले की थांबायचे. हाही ताणच आहे, आणि त्याला माझी ना नाही. झोपून उठलेले कुत्रेही अंग ताणते. त्याला कोणी फांदीला टांगत नाही. ताण बरा की वाईट, असे मला अजून विचारतात. मी विचारते, ओढतो कोण, आणि दुखतं कोणाला? दोघे एकच असतील तर खुशाल ताणा.

पाऊल घासतच, काठी धरून चालू लागले तेव्हा त्यांना पहिल्यांदा जायचे होते ते पहिलवानाकडे. मी अडवले नाही. तासाभराने आले, भिंतीला टेकून बसले.

"काय म्हणे थो?"

"सगळ्याइले दाखवून राह्यला होता मले. म्हणे, पाहा, माह्या ताणानं कसा चालते."

"अन् तुमी काय म्हणाले?"

"काही नाई." त्यांनी दोन्ही हातांनी धरून उजवा पाय सावकाश लांब केला. "एक जण लटकून होता. त्याच्या पायाचा पाटा सोडला मी. म्हटलं, घरी जाय, अन् उताना पड."

"गेला?"

"शिव्या देत गेला. पण गेला."