पयले कोणाले सांगावं?

पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळसा भाजणाऱ्या भट्ट्यांच्या खात्यात मी रुजू झालो त्या दिवशी भेटेल त्याने मला तेच चार प्रश्न विचारले. गाव कोणतं, कोणत्या सेक्टरला राहता, भाऊ-बहिणी किती, लग्न झालं का. उत्तर ऐकायला कोणी थांबलं नाही, आणि मीही ते मनावर घेतलं नाही. शेवटी भेटले ते लांजेवार, आमचे चार्जमन. भंडाऱ्याकडचे, पंचेचाळिशीचे, काटक. त्यांनी मला भट्टीपासून लांब, पाण्याच्या माठाजवळच्या बाकावर बसवलं आणि शांतपणे विचारलं, "तुले इथं काही झालं, त तुह्या घरी पयले कोणाले सांगावं?"

मी तेवीस वर्षांचा होतो. सकाळी निघताना आईने हातावर दही ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी असलं अभद्र बोलणारा माणूस मला मुळीच आवडला नाही. मी तुटकपणे म्हणालो, "बाबांना."

"बाप कोणाशी बोलते तुहा?"

हा काय प्रश्न झाला? मी गप्प बसलो. लांजेवारही गप्प बसले. प्रश्न विचारून झाला की ते मान खाली घालायचे, आपल्या लाकडी तळाच्या बुटांकडे पाहायचे आणि वाट पाहायचे. दुसरा कोणी असता तर त्याने चहा मागवला असता, तंबाखू काढली असती, 'जाऊ दे ना' म्हटलं असतं. लांजेवार काहीच करायचे नाहीत. त्या गप्प बसण्यात मी त्यांना असं काही सांगून टाकलं, जे सेक्टर दोनमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. माझे आई-बाबा चार वर्षांपासून एकमेकांशी बोलत नव्हते. बहिणीच्या लग्नावरून काहीतरी बिनसलं ते बिनसलंच. "त्यांना सांग, पाणी तापलं." "तिला सांग, मला भूक नाही." अडीच खोल्यांच्या क्वार्टरमध्ये हे निरोप पोचवण्याचं काम माझ्याकडे होतं.

लांजेवारांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मंग तूच नसला, त हे दोघं एकमेकाले कसे सांगतीन, का तू नाही म्हणून?"

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण त्यांचा रागही आला नाही.

ते हा प्रश्न सगळ्यांना विचारायचे. साहेबाला, हाताखालच्या खलाशाला, ठेकेदाराच्या मजुराला. कुठे लिहून मात्र ठेवत नसत. मी एकदा वही आणून देऊ का म्हणालो, तर म्हणाले, "लिवलं का मंग कागदाले मालूम राह्यते बाबू, मले नाही." शे-दीडशे माणसांची घरं त्यांना तोंडपाठ होती. कोणाची बायको चक्कर येऊन पडते, कोणाच्या आईला फक्त थोरल्या सुनेचं खरं वाटतं, कोणाच्या घरी आधी शेजारच्या मावशीला सोबत घ्यावं. बिसाहू नावाचा एक छत्तीसगढी मजूर होता. त्याने सांगितलं होतं, "कोनो ल झन बताहू. मोर गाय ल ढील देहू, बस." कोणाला सांगू नका, माझी गाय तेवढी सोडून द्या. आम्ही हसलो. लांजेवार हसले नाहीत. गाय कुठे बांधतोस, एवढंच त्यांनी विचारून घेतलं.

गंमतही व्हायची. लग्न होऊन वर्ष-दोन वर्षं झाली की पोरं एकेक करून लाजत त्यांच्याकडे यायची आणि म्हणायची, "लांजेवारजी, ते नाव बदलून टाका." आईच्या जागी बायको. लांजेवार गालातल्या गालात म्हणायचे, "दोन वर्षं लागले तुले? मले त तुह्या डब्यावरूनच समजलं होतं." कोणी उलटा बदल करायला आला तर मात्र ते काही बोलत नसत. त्याच्याशेजारी जरा जास्त वेळ बसत.

हे खूळ डोक्यात कुठून आलं, असं कोणीतरी एकदा त्यांना विचारलं होतं. त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. तरुणपणी त्यांचा एक हेल्पर ड्यूटीवरच छातीत कळ येऊन गेला. बातमी द्यायला लांजेवारांना पाठवलं. ओट्यावर हेल्परचा म्हातारा बाप बसला होता. बापालाच सांगावं म्हणून ते त्याच्याशी बोलायला गेले, तर म्हातारा ठार बहिरा. "मले ते ओरडून सांगा लागलं. तीनदा. तो म्हणे, का? का म्हणतं? अन् त्याची सून गल्लीच्या नळावर बालटी भरून राहिली होती." एवढं सांगून ते उठले आणि कामाला लागले.

त्यांना दिलेलं उत्तर वाया जात नसे, हे मी स्वतः अनुभवलं. रुजू झाल्यावर तिसऱ्या वर्षी माझ्याच घाईने माझा पाय भाजला. दवाखान्यात नेलं. बातमी द्यायला लांजेवार घरी गेले. पुढचं आईने सांगितलं. त्यांनी बाबांना बाहेरच्या खोलीतून आणि आईला स्वयंपाकघरातून बोलावलं, दोघांना एकाच पलंगावर बसवलं आणि एकाच वाक्यात सांगितलं, "पोरगा धडधाकट हाये, पाय भाजला." मग गप्प बसले. बाबांना दरदरून घाम फुटला होता. मधे निरोप न्यायला कोणीच नव्हतं. शेवटी आईनेच विचारलं, "पाणी देऊ का तुम्हाला?" सहा-सात वर्षांनी आई बाबांशी बोलली ती अशी. पुढे काही फार गोडीगुलाबी झाली असं नाही, पण 'पाणी तापलं' हे ती स्वतः सांगू लागली. माझे बाबा पुढे तिच्याशी बोलत बोलत गेले. हे ज्या माणसामुळे झालं, त्याच्याशी मी कसा वागलो ते सांगायचं राहिलंय, आणि तेच सांगायला बसलो आहे.

बारा वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं. हुडको वसाहतीतल्या त्यांच्या घरी दर दिवाळीला जायचो. कमलकाकूंच्या हातचा चिवडा खायचो. एकुलता एक मुलगा नागपूरला नोकरीला, थोरले भाऊ पलीकडच्या बोरसीला, एवढं मला ठाऊक होतं आणि एवढ्यावर मला वाटायचं की मी त्यांना ओळखतो. विचारायचं काम त्यांचं, सांगायचं काम आमचं, अशी जणू वाटणीच झाली होती.

त्यांना निवृत्त व्हायला सहा-सात महिने राहिले होते. एक दिवस आम्ही दोघं कँटीनमध्ये चहा पीत बसलो होतो. ते मधेच म्हणाले, "सगळ्याईले इचारून झालं बाबू. मले कोनी इचारलं नाही."

मी काय म्हणालो असेन? हसून म्हणालो, "तुम्हाला काय होतंय लांजेवारजी? तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाल."

तेही हसले. मग मान खाली घालून बुटांकडे पाहत बसले. बारा वर्षं ज्या गप्प बसण्याने मी लोकांना बोलतं होताना पाहिलं होतं, तेच ते गप्प बसणं होतं, आणि या वेळी बोलायचं त्यांना होतं. माझ्या अकलेला ते समजलं नाही. मला वाटलं, चहा संपला. "चला," म्हणून मी उठलो. तेही उठले. मी हा प्रसंग पुष्कळदा उलटसुलट करून पाहिला आहे. दर वेळी मी उठतोच.

फेब्रुवारी संपत आला होता. पहिली पाळी, साडेअकराची वेळ. लांजेवार माठाजवळच्या बाकावर बसले आणि तसेच कलंडले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. साहेब मला म्हणाले, "घर आप ही जाइए. आप तो उनके अपने हो."

मी स्कूटर काढली. गेटबाहेर पडेपर्यंत माझं मन बधिर होतं. बाहेर आल्यावर पहिला विचार आला तो हा, की पहिले कोणाला सांगायचं? आणि लक्षात आलं, मला माहीत नाही. शे-दीडशे घरांचं ज्या माणसाला माहीत होतं, त्याच्या घरचं आमच्यात एकालाही माहीत नव्हतं.

तेव्हा मी चार शहाणी माणसं करतात तेच केलं. बाईमाणसाला एकटीला एकदम सांगू नये, आधी घरातला कर्ता पुरुष गाठावा, सोबतीला दोन बायका न्याव्यात, मग हळूच सांगावं. आमच्याकडे हीच रीत, आणि ती दयेचीच आहे असं सगळे मानतात. मी बोरसीला त्यांच्या थोरल्या भावाकडे निघालो. हुडको वाटेतच लागतं. लांजेवारांचं घर रस्त्याला लागूनच. अंगणात खाटेवर धोतर पसरून कमलकाकू मुंगवड्या घालत होत्या. स्कूटरचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली. हात पिठाचे होते म्हणून कोपराने डोळ्यावर आडोसा करून माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं नाही असं दाखवलं आणि पुढे गेलो.

बोरसीला भाऊ घरी नव्हते. ते बँकेतून येईपर्यंत पाऊण तास गेला. मग वहिनींनी लुगडं बदललं, शेजारणीला हाक मारली, रिक्षा शोधली. आम्ही हुडकोला पोचलो तोवर दीड वाजला होता, आणि अंगणात पंधरा-वीस माणसं उभी होती. पाळी सुटायच्या आधीच कोणीतरी सायकलवर येऊन गल्लीत सांगून गेलं होतं. कोणी काकूंना सांगितलं नव्हतं. सगळे घरच्या माणसांची वाट पाहत होते. मी फाटकातून आत शिरलो तेव्हा शेजारच्या बाई खाटेवरच्या ओल्या वड्या धोतरासकट उचलून आत नेत होत्या. अंगणात जागा लागणार होती ना.

कमलकाकू त्यांना म्हणत होत्या, "माह्या वड्या कावून उचलून राहिली तू? अजून वाळल्या नाही त्या."

बाई वड्या घेऊन आत गेल्या. काकूंनी फाटकाकडे पाहिलं. मी होतो, माझ्यामागे दीर, जाऊ, बोरसीची शेजारीण. त्यांना सांगावं लागलं नाही.

तेराव्यानंतर मी एकदा गेलो. मुलगा नागपूरला परतला होता. काकूंनी मला बसायला खुर्ची दिली आणि समोर जमिनीवर बसल्या. काही मिनिटं इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाल्या, "माही एक पोरगी होती. तुमाले मालूम हाये?"

मला माहीत नव्हतं. बारा वर्षांत माहीत नव्हतं.

"चार वर्षांची होती. आजीपाशी गावी ठेवली होती, मी बाळंतपणाले दवाखान्यात होती म्हणून. तिकडं तिले ताप आला अन् गेली. तार याईच्यापाशी आली. सगळे म्हणे, ओली बाळंतीण हाये, तिले सांगू नका. याईनं अकरा दिवस नाही सांगतलं. घरी आल्यावर मी तिच्यासाठी फ्राक शिवत होती, हे समोर बसून पाहत होते. सगळ्या गल्लीले मालूम होतं. मले शेवटी समजलं. मंग त्याईनं शपथ घेतली. आता कोणतीबी खबर तुह्याआंधी कोणाले नाही. माही बी नाही. म्हणत, मी खात्यात सांगून ठेवतो, तू फिकर नको करू."

आम्हाला त्यांनी बहिऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली होती. ही सांगितली नाही. ही सांगायची तर कोणीतरी विचारायला हवं.

"तुमी त्या दिवशी इथून गेले," काकू म्हणाल्या. "मी पाह्यलं. मले वाटलं, पाळी सुटाच्या आंधी हा कुठं चालला? तुमाले त्याईनं सांगतलं होतं ना जी?"

खरं सांगितलं असतं तर शब्द मोडल्याचा ठपका लांजेवारांवर आला असता. बायकोला दिलेला शब्द त्यांनी पाळला नाही, खात्यात कोणाला काही सांगितलंच नाही, हे त्या बाईने उरलेला जन्मभर मनात वागवलं असतं. ते सांगायला बसले होते आणि मी चहा संपला म्हणून उठलो, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हणालो, "हो काकू, सांगितलं होतं."

"का सांगतलं होतं?"

"पहिले तुम्हालाच सांगायचं म्हणून."

त्यांचा चेहरा क्षणभर सैल झाला. मला अजून वाटतं, की नवरा गेल्यापासून तेवढाच एक क्षण त्यांना बरं वाटलं असेल. मग त्या म्हणाल्या, "मंग थांबले कावून नाही?"

त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. आतून मुगाच्या डाळीचा आंबूस वास येत होता. त्या दिवशीच्या वड्या तशाच कुठेतरी राहिल्या असाव्यात.

"त्याईनं सांगून ठेवलं होतं, इतकं मले समजलं," त्या शेवटी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुमी आता येत नका जाऊ जी."

मी उठलो, बाहेर आलो, फाटक लावून घेतलं. त्यानंतर कमलकाकू सोळा वर्षं त्या घरात होत्या. मी गेलो नाही.